साठ जिलब्यांचा धनाजी

४ मे
शिलाई मशीनच्या खणात आज फक्त बॉबिनी. फरसाणाची पुडी नाही — आठवा दिवस! बायकोला, मंगलला, कौतुकानं सांगितलं तर म्हणते, "आता बॉबिनी खाऊ नका म्हंजी झालं."

५ मे
डाएट सोडलं. उपास तर मुळीच नको — माझ्या एकादशीला घरातला साबुदाणा संपतो. आता नेम एकच. बसून, ताटात, सगळ्यांसमोर खायचं. चोरून काही नाही. दुपारी शिरा खाल्ला, एक वाटी. आवडला. दुसरी नकोशी वाटली, चोपन्न वर्षांत पहिल्यांदा.
अख्ख्या वेल्ह्याची मापं घेतो मी. आज स्वतःच्या पोटाला टेप लावली. आकडा लिहीत नाही.

७ मे
गावाकडून, भोंगवलीहून, चुलतभावाचा, कुमारचा फोन. त्याच्या लेकीचं, प्रेरणाचं लग्न चौदाला. "जिलबी हाय दादा. पोरांनी पैज लावलीया, यंदा सत्तर!"
झालं. गावात माझी ओळखच ती. वडील गेले त्या वर्षी, दहा वर्षांचा होतो, गावातल्या गेनबाआप्पांनी भर पंगतीत पैज लावली. "वीस खाऊन दाव, नारळ तुजा." मी बावीस खाल्ल्या. नारळ आईला नेऊन दिला. मग दर पंगतीत पैज, दर वेळी आप्पा हरणार. विसाचे साठ झाले. पोट भरलं हे कळायचंच बंद झालं.

११ मे
मंगल म्हणते, तब्येत बरी नाही म्हणून सांगा. खोटं कशाला? भीती जिलबीची नाहीच. मी खाल्लं नाही तर भोंगवलीत मला विचारणार कोण? शिवलेले कपडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

१४ मे
लग्न झालं. प्रेरणा छान दिसत होती, ब्लाऊज मी शिवलेला.
आप्पा ऐंशीच्या पुढचे, तरी माझ्या पानात वाढायला स्वतः आले. भोवती पोरं मोबाईल धरून. चार खाल्ल्या. चौथी तर काय कुरकुरीत! पाचवीला पानावर हात आडवा धरला. "बास, आप्पा. पोट भरलं."
पोरांनी हुर्यो केली. आप्पांनी परात खाली ठेवली, माझ्याकडं बघत राहिले. डोळे भरले त्यांचे. परात तिथंच सोडून गेले. म्हाताऱ्याचा पंगतीत अपमान केला मी. फार वाईट वाटलं.

१५ मे
सकाळी एसटीच्या थांब्यावर आप्पा काठी टेकत आले. हातात नारळ. "घे." म्हटलं, पण आप्पा, मी हरलो की.
"तवा तुज्या घरात चूल पेटत नव्हती. तुजी आय कुनाचं फुकट घ्यायची न्हाई. मग म्या पैज लावायचो. पोट भरलं, येवढंच तुज्या तोंडून ऐकायचं हुतं रं."