ल्वार नदी आणि माझा दुसरा होकार

ती. स्व. राजाराममामांस,

एडिसनहून निमिषचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला आता बरा असावा. इकडे सर्व सुखरूप, म्हणजे आई-बाबा सुखरूप. माझे पुढे कळेलच. सुलभामावशी फोनवर तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याच अक्षरात कळावे म्हणून लिहितो. तुम्ही कऱ्हाडच्या संगमावर जन्मभर पौरोहित्य केलेत आणि तुमचा भाचा नदीबद्दल खोटे बोलला, याची फार लाज वाटते.

कॉलेज अर्ध्यात सुटल्यापासून मी गिरीशकाकांच्या ट्रॅव्हल ऑफिसात आहे. यंदा त्यांनी इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्याची सहल काढली (ल्वार असेच लिहितात, तपासले आहे). नदीकाठी जुन्या राजांचे राजवाडे आणि द्राक्षांचे मळे आहेत. पण माणसे पुरेनात, आणि न पुरल्यास सहल रद्द. म्हणून लायब्ररीच्या हॉलमध्ये माहितीचा कार्यक्रम ठेवून बोलायला मला उभे केले. मी फ्रान्स पाहिलेले नाही (विमानातूनही नाही, आम्ही दुबईमार्गे आलो).

एका राजवाड्यात असा जिना आहे, की चढणारा आणि उतरणारा एकमेकांना भेटत नाहीत. हे मी फार रंगवून सांगितले, तर मागून आवाज आला, "आमच्या घरी साध्या जिन्यावरही हेच आहे." त्यानंतर पहिल्या रांगेतले सुमंतकाका उपमा खाऊन सरळ झोपले. मी घाबरून भूगोलाकडे वळलो आणि म्हणालो, की ही नदी उगमापासून बराच काळ उत्तरेकडे वाहते.

सुमंतकाका जागे झाले. "म्हणजे उत्तरवाहिनी?"

मी हो म्हणालो (हे खरे आहे). उत्तरेला वाहणाऱ्या नदीत स्नानाचे पुण्य केवढे, हे तुम्हाला काय सांगायचे; सगळा हॉल ताठ बसला. मग सुलेखाकाकूंनी विचारले, "राजवाड्यांपाशीसुद्धा?"

मामा, राजवाडे येतात तोवर ती नदी पश्चिमेला वळलेली असते. मला हे पाठ होते. पण मी गिरीशकाकांचा चेहरा पाहिला आणि पुन्हा हो म्हणालो.

त्या दिवशीच सहल भरली. आता फोन येतात, की तांब्याचा गडू हँडबॅगेत चालेल का, हॉटेल घाटापासून किती लांब. स्नानासाठी एक राजवाडा कॅन्सल केला आहे. मी नंतर वाचले, की तिथे पुष्कळ ठिकाणी नदीत उतरायलाच मनाई आहे, वाळू दगा देते. हे अजून कोणाला सांगितलेले नाही.

सगळ्यात वाईट सुलेखाकाकूंचे. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. त्या म्हणाल्या, "ह्यांना राजवाडे बघायचे होते, मला ह्यांच्यासाठी देवाधर्माचं काही करायचं होतं. तुझ्यामुळे एका तिकिटात दोन्ही जमलं रे." तेव्हापासून मला जेवण जात नाही. त्यांना खरे सांगण्याचे बळ यावे, एवढा आशीर्वाद द्या. मामींना नमस्कार.

आपला,
निमिष

ता. क. आशीर्वादाबरोबर आणखी एक हवे होते. पश्चिमेला वाहणाऱ्या नदीचेही थोडे पुण्य असते, आणि न उतरता काठावरून पाणी शिंपडले तरी चालते, असा एखादा आधार शास्त्रात सापडतो का? लहानसा चालेल. संकल्पही लिहून पाठवा. तो मीच सांगायचा असे ठरले आहे, कारण तुम्ही माझे मामा आहात हे मी बोलून बसलो.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी सुलेखाकाकूंना फोन करून सगळे कबूल केले. त्या म्हणाल्या, "अरे, त्या नदीचा नकाशा ह्यांनी आमच्या फ्रिजवर लावून ठेवलाय. रोज दूध काढताना बघते. ती कुठे वळते ते मला ठाऊक आहे." मग विचारलेत कशाला, असे मी म्हणालो. "सहल रद्द होत होती ना. मी एकटी कुठे गेले असते? आता गप्प बस, आणि तुझ्या मामांकडून सगळ्यांना पुरेल असं काहीतरी मागव."

तेव्हा पहिला ता. क. तसाच धरावा. आशीर्वाद मात्र आता दोघांसाठी पाठवा.