भिंत ठोकून पाहिली

बाळ्या,

तू फोनवर बजावलं होतंस तसं ते जुनं घर नीट पारखून आले. नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून-लावून पाहिल्या. मोरीच्या छताला ओल आहे. एजंट म्हणाला, "काकू, रंग दिला की दिसायची नाही." म्हटलं, "केसांना रंग मीही लावते, वय लपलं का?" बिचारा ओशाळला.

मग स्वयंपाकघराची भिंत ठोकली. पोकळ आवाज आला तर घर घ्यायचं नाही, असं तू म्हणाला होतास ना? आवाज नुसता पोकळ आला नाही, तर पलीकडून कुणी बाई ओरडली, "आले, आले!" दारच वाजलं असं वाटून ती ओल्या हातांनी बाहेर आली. मीही दारात गेले, तर मला बघून म्हणाली, "घर बघायला आलात होय! कधी येताय राहायला?" एजंटचा चेहरा पडला.

आपल्या इथल्या भिंती किती जाड आहेत, तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात मी मोरीत घसरून पडले, तेव्हा घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी बादलीचा आधार घेऊन माझी मीच उठले. हे कळलं तर तुझी झोप उडेल, म्हणून हे पत्र माझ्या उशीखालीच राहील.

एजंट चपला घालत होता, तेवढ्यात मी हळूच पुन्हा ठोकलं.

"काय हो?" पलीकडून लगेच.

रविवारी तू विचारशील, भिंती कशा आहेत? चांगल्या आहेत, म्हणेन. आणि ते खोटं नसेल.

तुझी,
आई