सूर्याचा हिशेब दोनदा

६ जाने.
प्रकरण चार संपलं. म्हणजे सहाव्यांदा संपलं. सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, शेवटच्या पानावर हिरव्या शाईने 'छान' लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

३१ला पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपते. दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा मिळत नाही. ३१लाच सर निवृत्त. त्या दिवशी पाच वाजायच्या आत प्रबंधाच्या पाच प्रती विद्यापीठाच्या खिडकीवर टेकवायच्या, नाहीतर सहा वर्षं पाण्यात. फेब्रु.त प्राध्यापकाच्या कायम पदाची मुलाखत आहे. प्रबंध सादर केल्याचं पत्र असेल तरच आत घेणार. तासिका तत्त्वावर किती वर्षं काढायची?

आता राहिलं परिशिष्ट. कोणत्या फायली, त्यांच्यावर काय काय केलं. सगळं लॅबच्या लाल रजिस्टरात आहे. सरांचा नियमच तसा: फाइलला हात लावला की रजिस्टरात ओळ. आणि दर शनिवारी खाली सरांची सही.

९ जाने.
निरोप समारंभात सरांना आमच्या ताऱ्यावरच बोलायचंय. 'ऑफिसच्या लोकांनाही कळेल असं लिहून दे,' म्हणाले. दिलं ते असं:

दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक मोठा, जिवंत. दुसरा मेलेला, नुसता न्यूट्रॉनचा गोळा. इथून खुलताबादेपर्यंत मावेल एवढाच, पण वजनाला सूर्याहून जड. मोठ्याच्या अंगावरचा वायू लहान्यावर पडतो आणि पडताना इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. ते निघतात ध्रुवांपाशी, आणि तारा स्वतःभोवती फिरत असतो, म्हणून आपल्याला ठोके मिळतात. अडीच मिनिटांनी एक. हे किरण हवेत जिरून जातात, जमिनीवर पोचत नाहीत, म्हणून उपग्रह लागतो.

माझ्या वहीत हा घरजावई. घ.जा. सासऱ्याचं खातो आणि मिरवतो मात्र स्वतः. खाल्लं की अशा ताऱ्याचा फिरण्याचा वेग वाढतो. आमचा घ.जा. मात्र चार महिने खाता खाता मंदावत गेला. हा आमचा शोध. दोन वर्षांपूर्वी पेपर छापून आला तेव्हा सरांनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले होते.

१२ जाने., रविवार, शेंद्रा
 आजचं आजच लिहून ठेवते.

परिशिष्टासाठी रजिस्टर घरी आणलं होतं. आबा ओसरीवर बसले होते. माझे आजोबा, वय सत्त्याऐंशी. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते चौथीत, उर्दू शाळेत. मग शाळा मराठी झाली आणि आबा नांगरामागे गेले. तेव्हापासून उर्दू अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय सोडत नाहीत. दुकानाची पाटी असो की अत्तराची बाटली.

रजिस्टरात नासेरभाईंचं अक्षर आहे. ना.भाई माझे सीनियर, खुलताबादचे. वडील आजारी पडल्यावर पीएच.डी. अर्धी टाकून जालन्याला ज्युनियर कॉलेजात लागले. नोंदी इंग्रजीत करायचे आणि समासात काहीतरी उर्दूत. मला वाटायचं शेर लिहितात. ते शेर म्हणायचेही सारखे.

आबांनी चष्मा पुसला, उजवीकडून बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, सणाच्या दिवशी पोथी वाचावी तसं:

"बहन, सूरज का हिसाब मैंने कर दिया है, सोला के सोला. दुबारा मत करना."

मग माझ्याकडे बघून, "लई सुरेख अक्षर हाय पोराचं. कोन हाय ह्यो?"

मी म्हटलं, आबा, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. तेच.

सोळा फायली. पुढच्याच पानावर माझी ओळ आहे, माझ्या अक्षरात: सोळा फायलींना सूर्याची दुरुस्ती केली. त्याखाली सरांची सही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते. ती ताऱ्याच्या दिशेनं जात असताना ठोके लवकर पोचतात, लांब जात असताना उशिरा. म्हणून प्रत्येक ठोक्याची वेळ, सूर्यावर बसून मोजली असती तर काय आली असती, तशी करून घ्यायची. एकदा. दोनदा केली की पृथ्वीची चाल परत आत शिरते, उलट्या बाजूनं. मग तारा मंदावल्यासारखा दिसू शकतो.

दिसू शकतो. अजून खात्री नाही. देवा, नसू दे.

१४ जाने., संक्रांत
बेगमपुऱ्यातली खोली. मालकीणबाईंनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. मी दार लावून घेतलं.

पहाटेपासून सोळाही फायली परत चालवल्या. माझी दुरुस्ती काढून. फाइलमध्ये दुरुस्तीची खूण उमटायला हवी होती. पण ना.भाईंनी स्वतःचा जुना प्रोग्राम वापरला, तो खूण टाकत नाही. आणि मी रजिस्टर वाचलं ते फक्त ओळींपुरतं.

दुपारी आलेखाची रेघ आली. घ.जा. मंदावलेला नाही. खातोय आणि वेग वाढवतोय, शंभर ठिकाणी शंभर जणांनी लिहून ठेवलंय तसाच. चार महिने आम्ही पृथ्वी मोजत होतो. ज्या जमिनीवर खुर्ची टाकून बसले होते तीच.

प्र. ४ गेलं. प्र. ५मध्ये तो का मंदावला याची अडतीस पानं कारणं आहेत. न झालेल्या गोष्टीची अडतीस पानं! हसू आलं. मग थांबेना. मग ते हसू राहिलं नाही.

१६ जाने.
ना.भाईंना फोन केला. आधी मी ओरडले. सांगितलं का नाही, माझं वाटोळं झालं, वगैरे. ते ऐकून घेत राहिले. मग:

"मैं लिखके रखा था ना, वैशाली."

"उर्दूत?"

"अब्बांना दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षा खाली उभी होती. घाईत हात आपल्याच लिपीत चालतो गं." मग, "तू एक बार तरी पूछती. मैं इतना लिखता क्या है बोलके."

फोन ठेवला आणि रडले. चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. दर ईदला त्यांच्या आईच्या हातचा शीरखुर्मा डबाभर खाल्ला. समासात काय लिहिता, हे एकदाही विचारलं नाही. उर्दू म्हणजे शेरच असणार. एवढीच माझी अक्कल. आणि मी म्हणे आकाशातलं वाचणार.

संध्याकाळी त्यांचा मेसेज: चूक माझ्या नावावर टाक, मी आता त्या शर्यतीत नाही.

१७ जाने.
सरांकडे गेले. ते भाषणाची तालीम करत होते, खिडकीकडे तोंड करून. 'खाता खाता मंदावणारा तारा' या ओळीवर थांबून मला म्हणाले, "इथे लोक हसतील बघ." मी म्हटलं, हो सर. परत आले.

भित्री आहे मी.

२० जाने.
सांगितलं. दोन्ही आलेख टेबलावर ठेवले. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग विचारलं, "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"नासेरभाईंना. आणि आमच्या आबांना."

"आबांना?"

ते कसं ते सांगितलं. सर हसले, पण चेहरा रडका झाला. म्हणाले, "दर शनिवारी त्या पानांवर मी सही केली. मला वाटायचं पोरगं शेर लिहितंय, लिहू दे."

म्हणजे सर आणि मी, दोघंही एकाच शाळेतले.

मी विचारलं, ४ आणि ५ काढून टाकू का. म्हणाले, उरलेल्या तीन प्रकरणांवर पदवी मिळत नाही, नवीन करायला वर्ष लागेल आणि तुझ्याकडे अकरा दिवस आहेत. "आहे तसा सादर कर. पदवी पदरात पाडून घे. पेपरचं नंतर बघू."

'नंतर बघू' म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही.

सरांचा रागही येत नाही, हाच वैताग. अकरा दिवसांनी या माणसाच्या दारावरची पाटी उतरणार. त्यांच्या आयुष्यात एक तारा होता आणि तो मी त्यांच्या टेबलावर मारून आले.

२३ जाने., शेंद्रा
आईला सगळं सांगितलं. तिला एवढंच कळलं की मुलाखत जाणार. "कुनाला दिसतंय का त्ये? मंग? साऱ्या गावाला सांगून बसले मी, पोरगी डाक्टर व्हनार म्हनून. गप दिऊन टाक."

आबा जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "म्या वाचायलाच नगं व्हतं. म्हाताऱ्याला भारी हौस, समदं वाचून दाखवायची."

मी म्हटलं, आबा, तसं नाही हो.

"तसंच हाय." आणि चष्मा काढून खिशात घातला. त्यानंतर घातलाच नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची उर्दू होती, तीही वाचली नाही.

पदवी गेली तर मी सोसेन, म्हणजे सोसावंच लागेल. पण आबांचं हे बघवत नाही.

२७ जाने.
बाइंडरकडून पाच प्रती आल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, माझं नाव. डिंकाचा वास. इतक्या देखण्या दिसतात की शरम वाटते. आत १४२ ते २०९ ही पानं खोटी आहेत. मी लिहिली तेव्हा खरी होती. आता सादर केली तर मी लबाड.

नियतकालिकाला पत्र टाईप केलं. चारच ओळी: आमच्या पेपरात सूर्याची दुरुस्ती दोनदा झाली आहे, निष्कर्ष चुकीचा आहे, पेपर मागे घ्यावा. पाठवायचं बटण दिसतं. बोट तिथपर्यंत जातं. ते गेलं की खिडकीवर द्यायलाही काही उरत नाही.

ना.भाईंचा परत फोन. उचलला. मीच सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "नक्को नक्को, वो छोड. जेवलीस का?" नव्हते जेवले.

२९ जाने.
सरांनी प्रमाणपत्रावर सही केली, पाचही प्रतींवर. 'हे संशोधन माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे.' पाचव्या सहीला पेन अडलं. उठेना. मी माझं पेन दिलं.

त्याच पानावर खाली माझी जागा आहे. मी सही केली नाही. घरी करते म्हटलं. सरांनी वर बघितलं नाही. फक्त म्हणाले, "३१ला रजिस्टर परत आण. चार्ज द्यायचाय. पुढची मुलं वापरतील."

३१ जाने.
दुपारी सव्वाचार. विद्यापीठात, पायऱ्यांवर बसून लिहितेय.

सकाळी शेंद्र्याहून निघाले तर आबा बसस्टॉपवर उभे. धुतलेलं धोतर, टोपी. सोडायला आलेली आई म्हणाली, कुठं निघालात या वयात? "औरंगाबादेत काम हाय," एवढंच. बसमध्ये माझ्या मांडीवर पाच प्रती, त्यांच्या मांडीवर लाल रजिस्टर. चिकलठाण्याला बस थांबली. मग आबांनी विचारलं, "त्यो जावई, त्यो खरंच नाय मंदावला?"

"नाही आबा. आपण फिरत होतो."

"आन् त्येच्यावर आळ आला."

सरांचा समारंभ तीनला झाला. मागच्या रांगेत उभी होते. सरांनी माझे कागद खिशातून काढले, बघितले आणि परत ठेवले. ताऱ्यावर बोलले नाहीत. पोरांनो, भरपूर चुका करा, असं काहीतरी म्हणाले आणि खाली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर इथं येऊन बसले. रजिस्टर उघडलं. ते पान शोधलं. माझ्या ओळीखाली, सरांच्या सहीखाली, मराठीत, ठळक लिहिलं: 'ही दुरुस्ती चुकीने दुसऱ्यांदा केली. फायली आधीच दुरुस्त होत्या. यातून काढलेला निष्कर्ष धरू नये.' तारीख, सही.

आबा बघत होते. म्हटलं, आबा, हेच त्या लिपीत लिहा. पुढं नासेरभाईंसारखं कुणी आलं तर.

"मला? पाऊणशे वरसं झाली लिवून."

तरी चष्मा काढला खिशातून. पेन धरलं. एकेक अक्षर, उजवीकडून. तीन ओळींना अर्धा तास लागला. एक अक्षर अडलं तर ना.भाईंच्या समासात शोधलं आणि बघून काढलं. मग बोट ठेवून स्वतःचं लिहिलेलं स्वतःच वाचलं, मोठ्यानं. येणारी-जाणारी पोरं थांबून बघत होती.

आता पावणेपाच. रजिस्टर वर सरांच्या केबिनमध्ये द्यायचं. प्रती खाली खिडकीवर. माझ्या सहीची जागा पाचही प्रतींत अजून मोकळी आहे, आणि ते चार ओळींचं पत्र फोनमध्ये तसंच. प्रती दिल्या तर पत्र पाठवता येणार नाही आणि पत्र पाठवलं तर प्रती देता येणार नाहीत, हे मला कळतं, सरांना कळतं. आबांनाही कळत असावं, कारण त्यांनी पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "काय करायचं त्ये कर, लेकरा. पन एकदाच कर."

खिडकीच्या ओळीत माझ्या पुढं दोघं आहेत. शिपाई घड्याळाकडे बघतोय. आबा रजिस्टर छातीशी धरून वर जायच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे आहेत आणि मागं वळून बघतायत, मी येतेय का.