रविवारचे चार अंश

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलं एकदाचं ते कॉम्प्युटरचं लोढणं. तीन खोकी आणि सोबत एक कॉम्प्युटरवाली बाई. वरून हुकूम आहे – महिनाअखेरपर्यंत मागच्या वर्षभराची सगळी रजिस्टरं आत गेली पाहिजेत. नमुन्यांचं, निकालांचं, किटच्या साठ्याचं, फ्रिजच्या तापमानाचं. यापुढे आमची प्रयोगशाळा आणि औषधांचं कोठार एकमेकांशी आपोआप बोलणार म्हणे. इथे आम्ही माणसं एका टेबलाशी बसून एकमेकांशी धड बोलत नाही!

बाई कामाची वाटते. चहा नको म्हणाली, आधी टेबल पुसून द्या म्हणाली. वहिनींनी पुसून दिलं.

वहिनींना मदतनीस म्हणून लागून दोन महिने झाले. आमची नमुन्यांची गाडी चालवायचे ते भाऊ सप्टेंबरात तापाने गेले, त्यांची ही बायको. मीच साहेबांकडे शब्द टाकला होता. सगळे म्हणाले, ताईंचं मन मोठं. पण वहिनी खोलीत आल्या की मी उगाच कशात तरी डोकं घालते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अकराला बाहेर दोन छोटे हॉर्न. भाऊ असेच वाजवायचे, नमुने आले म्हणून. मी पेटी घ्यायला उठलेसुद्धा. दुधाचा टेम्पो होता.

खणात किल्ली शोधताना त्यांच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या. बोलायला लाजायचे, म्हणून पावतीच्या पाठीवर लिहून ठेवायचे. "ताई, एक नळी सांडली, माझीच चूक." "ताई, पेटीचं झाकण गेलंय, नवीन बघा." अक्षर शाळेतल्या मुलासारखं, एकेक गोल करून काढलेलं. खण लावून टाकला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वायर टाकायला फ्रिज पुढे ओढला. बाईने आत हात घातला आणि बर्फाच्या पिशव्यांखालून काडेपेटीएवढी पांढरी डबी काढली. "हा तापमान नोंदवणारा लॉगर. कुणी वाचला का कधी?"

जूनमध्ये किटच्या खोक्यातून आली होती ती. दर दहा मिनिटांनी आपलं आपण तापमान टिपत बसते. आम्ही तिला विसरलो, ती आम्हाला विसरली नाही. मी म्हटलं, आमच्याकडे थर्मामीटर आहे, रजिस्टर आहे, रोज दोन वेळा लिहितो. "छान, मग दोन्ही ताडून बघू," ती म्हणाली.

जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? नाही म्हटलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

डबी कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर एक रेघ. जून सपाट, जुलै सपाट, आणि ऑगस्टात मध्येच एक डोंगर. शनिवार १० तारखेला दुपारी साडेतीनपासून सोमवारी पहाटे पाचपर्यंत. टोकाला तेहेतीस अंश.

"दीड दिवस लाइट नव्हती वाटतं," बाई म्हणाली. मग तिने रजिस्टर उघडलं. रविवार, ११ ऑगस्ट. सकाळी चार अंश. संध्याकाळी चार अंश. पुढे माझी सही.

"तुम्ही आला होतात रविवारी?"

"बघावं लागेल," म्हटलं. काय बघणार डोंबल! बहिणीकडे गेले होते, दोन दिवस.

रविवारचे चार अंश ही आमच्याकडची जुनी रीत. रविवारी प्रयोगशाळा बंद, पण रजिस्टरात रविवारचे रकाने आहेतच. रिकामे राहिले की तपासणीत शेरा येतो. म्हणून शनिवारी निघताना रविवारचे चार-चार लिहून मोकळं व्हायचं. मला जुन्या सरांनी शिकवलं. मी वहिनींना शिकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रकाना रिकामाच ठेवला. "मी इथे नव्हते, मग मला काय माहीत किती होतं?" डिसेंबरात मी त्यांना यावरून चांगलं झापलंय. आता ते आठवलं की कान गरम होतात.

सोमवारी मी दहाला आले तेव्हा थर्मामीटर पाचवर होता. पाच म्हणजे ठीकच. संशय यायला काही कारणच नव्हतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोन दिवस नीट झोप नाही. आज कागद घेऊन बसले.

त्या रविवारी फ्रिजमध्ये लेप्टोच्या किटची तीन खोकी होती. उंदरांमुळे पाण्यातून पसरतो तो ताप. वेळेवर साध्या गोळ्या दिल्या तर माणूस उठून बसतो, नाही दिल्या तर मूत्रपिंडं जातात. तपासणी सोपी. कार्डावर थेंब टाकायचे. पहिली रेघ म्हणजे कार्ड चालू आहे, दुसरी रेघ म्हणजे ताप आहे. गरम झालेल्या कार्डांवर पहिली रेघ येत राहिली. दुसरी यायची बंद झाली.

त्याआधी दहात तीन तरी निघायचे. त्यानंतर एकसष्ट तपासण्या केल्या. एकसष्टच्या एकसष्ट निगेटिव्ह. आणि आम्ही खूश! साथ आटोक्यात आणल्याबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं, साहेबांनी काचेत बसवून भिंतीला लावलं. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे. इतके दिवस पाठीला लागून होतं, आज पहिल्यांदा टोचलं.

शून्य माझ्या रजिस्टरात पडून राहिलं असतं तरी चाललं असतं. ते वर गेलं. वरच्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, तिथे ताप नाही तर गोळ्या तिथे कशाला अडकवून ठेवता? कोठारातल्या गोळ्या नदीपलीकडच्या दवाखान्यांना पाठवल्या. खोकी गाडीत भरली भाऊंनी. दोन सप्टेंबर. खिडकीतून म्हणाले, "ताई, बरं झालं बाई, आपल्याकडचं संपलं एकदाचं." आठवड्यात त्यांनाच ताप भरला. गाडी धुवायच्या हौदाशी उंदीर होतेच.

पुढचे किट आले तोवर पाऊस संपला होता, साथ खरंच ओसरली होती. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"ताई, रजिस्टर अधिकृत आहे. ती डबी कुठे अधिकृत आहे?" मग आवाज खाली आणून, "गेलेली माणसं परत येणार आहेत का? इतक्या वर्षांनी कुठे आपली प्रयोगशाळा सुधारतेय. पहिल्याच घासाला खडा कशाला?" माणूस वाईट नाही. नवीन मशीनसाठी सहा वर्षं अर्ज करत होता बिचारा.

मी मान डोलावली. डोलावली कशाला, हलवायला हवी होती. स्वतःचा असा राग आला!

बाई बाहेर वाट बघत होती. "एका दिवसाला एकच तापमान घेते ही सिस्टीम. रजिस्टरातलं टाकू की डबीतलं? शनिवारपर्यंत सांगा."

घरी ह्यांना सगळं सांगितलं. म्हणजे जेवढं इथे लिहिलंय तेवढं. म्हणाले, "तू एकटीच लिहायचीस का चार?" नाही म्हटलं. "मग तू एकटीनेच का झुरायचं?" आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. त्यांच्या परीने धीर दिला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तपासून उरलेलं रक्ताचं सीरम वर्षभर डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं असा नियम. ही एक गोष्ट आम्ही नियमाने केली. एकसष्ट नळ्या, ओळीने. अडतिसावी भाऊंची.

काढली. हातात धरली. परत ठेवली. बोटं बराच वेळ गार होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

केलं. नवीन खोक्यातलं कार्ड, भाऊंची नळी. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. तिसऱ्या मिनिटालाच दुसरी रेघ आली. गडद. पंधरा मिनिटं तशीच बघत बसले, जशी काही पुसली जाणार होती.

सप्टेंबरात ते याच स्टुलावर बसले होते, बाही वर करून. डोळे लाल. म्हणाले, "तुमच्या हाताने टोचलेलं कळत नाही, ताई." कार्ड बघून मी सांगितलं, तो ताप नाही, साधा आहे, आराम करा. "ताईंनी बघितलं म्हणजे झालं," म्हणाले आणि उठले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही माझाच कागद बघितला. आठव्या दिवशी अंग पिवळं झालं. नवव्या दिवशी गेले.

मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा. वहिनींच्या शेजारी बसले होते, पाठीवर हात ठेवून.

बाकीच्या साठ नळ्याही काढल्या. उद्यापासून एकेक करणार. ज्यांचे पत्ते आहेत त्यांना कळवावं लागेल. किती जण आहेत, किती नाहीत, देव जाणे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वहिनींना सांगितलं.

नळ्या धूत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि एका दमात बोलून टाकलं – रविवारचे चार, गरम झालेली कार्डं, भाऊंची नळी, दुसरी रेघ. त्यांनी नळ बंद केला नाही. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हातातली नळी धुऊन ठेवली आणि म्हणाल्या, "गोळ्या मिळाल्या असत्या तर?"

"वाचले असते. बहुतेक."

"गोळ्या हेच घेऊन गेले होते ना पोचवायला."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रडू मलाच आलं, त्यांना नाही. मग हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, "पण ताई, रविवारी दवाखान्यांतले नमुने हेच आणायचे. वॉचमनकडून किल्ली घेऊन फ्रिजमध्ये ठेवायचे. मग त्या रविवारी यांना फ्रिज गरम लागला नाही?"

"त्या रविवारी नमुने आले नसतील," मी म्हटलं.

"असं होय," म्हणाल्या आणि पुढची नळी घेतली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बाईला सांगून टाकलं, डबीतलं तापमान टाका. तेहेतीस. साहेब लाल झाले. मी म्हटलं, लेखी देते, माझ्या सहीचं आहे, माझ्यावर घ्या. नोकरी जाईल कदाचित. भिंतीवरचं पत्रही मीच काढलं, खिळा तेवढा राहिला.

हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुपारी वहिनी नमुन्यांचं रजिस्टर घेऊन बाईशेजारी बसल्या. त्या वाचून दाखवतात, बाई टाइप करते. तारीख, नमुने किती, आणणाऱ्याचं नाव. आज जुलै संपला. भाऊंचं नाव रोज येतं, त्या रोज वाचतात, आवाज बदलत नाही.

सोमवारी ऑगस्ट. रविवार ११ ला तीन नमुने आलेत. सही भाऊंची. मला ते पान पाठ आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

चिठ्ठी होती. त्या सोमवारी फ्रिजच्या दारावर, पावतीच्या पाठीवर. "ताई, शनिवारपासून लाइट नाही. फ्रिज गरम आहे. नमुने बर्फाच्या पेटीतच ठेवलेत. किट वापरायच्या आधी वर विचारून घ्या."

मी वाचली. थर्मामीटर पाचवर आला होता. रजिस्टरात चार लिहून झाले होते. बावीस नमुने थांबले होते आणि नवीन किटला दोन महिने लागतात. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि कार्ड फोडलं. दुपारी भाऊंनी विचारलं, "चिठ्ठी बघितली ना, ताई?" मी म्हटलं, बघितली, सगळं ठीक आहे.

या वहीच्या मागच्या कव्हरात आहे ती. उद्या ऑगस्टचं पान उघडायच्या आधी वहिनींच्या हातात देणार आहे.