राखण नसलेली थंडी

शारजा,
३ जानेवारी २०१०

तीर्थस्वरूप आशावन्संना छायाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना उतरू देतो हे वाचून बरं वाटलं. चढायला तो नाही म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. मिरजेत थंडी पडली असेल. इथेही पडली आहे, म्हणजे लोक एसी बंद करून स्वेटर घालतात आणि तसं एकमेकांना फोन करून सांगतात. तन्मयची नोकरी टिकून आहे, पण त्याच्या ऑफिसात आता माणसांपेक्षा टेबलं जास्त झाली आहेत, म्हणून एप्रिलमध्ये तो बायकोमुलीला घेऊन पुण्याच्या ऑफिसात जातोय. माझा इथला व्हिसा त्याच्या नावावर, तेव्हा मीही निघणार हे उघड आहे. शुभ्राला मी मराठीत रागावते, ती नऊ वर्षांची नात मला इंग्रजीत माफ करते.

तुम्ही विचारलंय की मागची खोली माझ्यासाठी रंगवायला घेऊ का, की मी तन्मयकडे पुण्यालाच राहणार. त्याचं उत्तर देते, पण आधी थोडं बर्फाबद्दल. मी स्वित्झर्लंडला स्कीइंगला जायचं ठरवते आहे. (हे बसून वाचा.)

ह्यांनी दुबईत रास अल खोरच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये सगळी नोकरी काढली, पण तिथे ते नेमकं काय करतात हे तुम्ही कोणी कधी विचारलं नाही. ‘सदा गल्फमध्ये साहेब आहे’ एवढं मिरजेला पुरायचं. ते थंडीची राखण करायचे. आतमध्ये मटार, मासळी, न्यूझीलंडचं लोणी, आणि दाराशी आपले सदानंदराव, जाडा निळा कोट घालून, थर्मामीटरकडे बघत. कोणी दार उघडं टाकलं की ओरडायचे. बाहेर जुलैची आग आणि संध्याकाळी घरी आले की ह्यांचे कान गार असायचे. तन्मय लहान असताना पळत जाऊन त्या कानांना गाल लावायचा. मीही लावायचे, तो झोपल्यावर. आता जुलैत घरात गार असं काही नसतं, एसी सोडून.

त्यांच्या टेबलासमोर कम्प्रेसर कंपनीचं एक कॅलेंडर होतं. जानेवारीच्या पानावर स्वित्झर्लंडच्या उंच डोंगरातलं ओबरमाट नावाचं गाव: उतरत्या छपरांची लाकडी घरं, एक लाल आगगाडी, आणि सगळीकडे बर्फ. वर्ष संपलं, पुढची वर्षंही संपली, ते पान काही उलटलं नाही. एकदा मला म्हणाले, “छाया, तिथे दार उघडं राहिलं तरी कोणी ओरडत नसेल.” रिटायर झालो की जाऊ, असं ठरलं. मग ऑगस्टमध्ये हे गेले आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. लोक म्हणतात की २००८ साली जग कोसळलं. मला ते ऐकून सोबत असल्यासारखं वाटतं.

तर आता मी तयारी करते आहे. माझं शिक्षण सातवीचं, पण छापलेलं काही सोडायचं नाही ही सवय तुम्हाला माहीत आहे (तुमच्याकडे भजी ज्या कागदावर निथळायची तोही मी वाचायचे). इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्कीइंगचं एक सचित्र पुस्तक मिळालं. त्यात लिहिलंय की गुडघे किंचित वाकवावेत, नजर पुढे ठेवावी आणि मनात काही आणू नये. पहिल्या दोन गोष्टी जमतात. तन्मय म्हणाला, “आई, मॉलमध्ये आहे की बर्फ. दोन तासांत होतं, पार्किंगही मिळतं.” मी म्हटलं, त्या बर्फाचीही कोणीतरी राखण करतंच ना. मग शुभ्रा म्हणाली, “आजी, यू विल ब्रेक,” आणि पुन्हा टीव्ही पाहू लागली.

ओबरमाटला रेगुलाबाई नावाच्या एकट्या बाई पाहुणे ठेवतात. त्यांचा माझा पत्रव्यवहार तन्मयच्या कॉम्प्युटरवरून चालतो. दर वर्षी त्यांच्याकडे लंडनचे बँकवाले यायचे, ते आता येत नाहीत, म्हणून त्यांनी भाडं निम्मं केलंय. (ते दिरहॅममध्ये बरं वाटतं, रुपयांत केलं की पाणी प्यावं लागतं, पण ह्यांची ग्रॅच्युइटी आहे.) त्यांनी विचारलं, खिडकी डोंगराकडची हवी की चर्चकडची. चार दिवस पोळ्या लाटताना मी तेवढाच विचार केला. पोळपाटावर पीठ भुरभुरलं की एक उतार दिसायचा, त्यावर एक बाक, आणि त्या बाकावर कोणी बसलेलं नाही. पोळी करपायची. शेवटी डोंगराकडची कळवली.

राहता राहिला सराव. ह्यांच्या हाताखालचे बदरुद्दीन आता तिथले मुख्य आहेत. रत्नागिरीकडचे, तुमच्यासाठी दर वर्षी खजूर द्यायचे तेच. मी फोन केला की थंडी सोसते का बघायचंय. ते म्हणाले, “वैनी, या. मंदीत माल येत न्हाय, तीन नंबरचा फ्रीजर जवळजवळ रिकामा पडलाय.” गेले. आत उणे अठरा. ह्यांचा निळा कोट अजून त्याच खुंटीला होता, तो घातला, हात बाहेर यायला वेळ लागला. बदरुद्दीननी माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या दोन फळ्या माझ्या बुटांना सुतळीने बांधल्या आणि म्हणाले, “पाच मिन्टं, मग खलास. तुम्ही पडलात तर साहेबांना वर गेल्यावर मी काय सांगू?” तेवढ्यात त्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले आणि त्यांनी सवयीने दार ओढून घेतलं.

पुस्तकाप्रमाणे गुडघे वाकवले, नजर पुढे ठेवली. जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता. मी निघाले, वन्सं. कोणी ढकललं नाही, तरी निघाले, आणि उरल्यासुरल्या मटारच्या पोत्यांवर जाऊन बसले. लागलं काही नाही. दाराशेजारी मदतीसाठी घंटा आहे, पण मी वाजवली नाही. वरच्या पंख्यातून बारीक हिमाची भुकटी पडत होती, कोटावर येऊन थांबत होती, वितळत नव्हती. कान गार पडत चालले. इतकं शांत मला दीड वर्षात वाटलं नव्हतं. खिशात हात घातला तर आलेपाकाची अर्धी वडी लागली, तुम्ही पाठवलेल्या डब्यातलीच. दगडासारखी झालेली, पण वास तसाच.

मग बदरुद्दीन धावत आले आणि दार उघडं टाकून मला फळ्यांसकट ओढू लागले. मी म्हटलं, आधी दार लावा. ते जागच्या जागी थांबले. मग आम्ही दोघंही हसलो, आणि त्यांनी तोंड फिरवून नाक पुसलं.

तर अशी तयारी आहे. तब्येतीला जपा. खोलीचं पुढे लिहिते.

तुमची,
छाया

ता. क. : रेगुलाबाईंनी किती माणसं आणि कोणत्या मापाचे बूट, असं विचारलं होतं. मी दोन लिहून पाठवलं. (कोणी माणसं किती विचारलं की माझा हात अजून दोनच लिहितो.) ह्यांच्या पावलाचं माप पाठ, तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर दुरुस्त करायला बसले, तेव्हा ड्रॉवरमधला पावलांचा लिफाफा आठवला. चपलांसाठी तुम्ही सगळ्यांनी कागदावर पाय ठेवून, रेघ मारून पाठवलेली पावलं मी कधी टाकली नाहीत. तुमचं काढलं आणि मोजलं. तुम्हा भावाबहिणीची पावलं एका साच्यातली, असं सासूबाई म्हणायच्या ते खरं निघालं. मग दुरुस्ती केली नाही.

आणखी ता. क. : तेव्हा लोकरी मोजे घालून वर्तमानपत्रावर उभ्या राहा आणि नवी रेघ मारून पाठवा. इथे आला होतात तेव्हाचा तुमचा पासपोर्ट अजून चालतो. तन्मय फेब्रुवारीत मुंबईला येतोय, तो व्हिसाचं बघेल आणि मार्चमध्ये तुम्हाला इकडे आणण्याची सोय करेल. स्कीइंग आपल्याला मुळीच करायचं नाही. तुमचा गुडघा आणि माझं मन, दोन्ही पुस्तकाप्रमाणे वागणार नाहीत. बाकावर बसू.

शेवटचं : खोली रंगवायला घ्या. परतताना मी तुमच्याबरोबर मिरजेलाच येते. नाही आलात तर मात्र मी पुण्याला. निळा कोट बदरुद्दीनकडून मागून आणलाय, तो तुम्हालाच बसेल. खिशातल्या आलेपाकाला हात लावू नका. तो आपण वर डोंगरात गेल्यावर, अर्धा अर्धा.