पोर्झलानच्या दारावरची पाटी

प्लूमेवेन, १४ नोव्हेंबर

ती. गुल्वेनमामांना नमस्कार.

उन्हाळ्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. राग होता, आणि रागात लिहिलेलं पत्र तुमच्या रक्तदाबाला चांगलं नाही (माझ्याही). गुडघा कसा आहे? मामी अजून खारं लोणी लपवून ठेवतात, की तुम्हाला जागा सापडली?

पोर्झलानची बस बंद झाल्यापासून तिथल्या म्हाताऱ्यांना प्लूमेवेनला माझ्या दवाखान्यात येणं जमेना. म्हणून मी तिथल्या जुन्या टपाल कचेरीतली खोली घेतली आणि दर गुरुवारी बसायला लागले. मादाम आबग्राल, ज्यांच्या पायाची जखम भरायचं नावच घेत नाही, त्यांना फक्त रस्ता ओलांडावा लागायचा. दुसऱ्या गावात बसायचं तर जिल्ह्याच्या वैद्यक मंडळाला आधी कळवावं लागतं, आणि मंडळ गप्प राहिलं तर ती संमती धरायची. मी कळवलं. मंडळ गप्प राहिलं. (गप्प राहणं मंडळाला छान जमतं. हे मी तुमच्या अध्यक्षपदाच्या काळाला उद्देशून म्हणत नाही. थोडंसं म्हणते.)

दाराला पाटी हवी होती. तुमची जुनी पितळी पाटी आईच्या माळ्यावर पडून होती, तीच उलटी करून मागच्या बाजूला माझं नाव कोरून घेतलं. झालं! शेजारच्या गावचे डॉ. तांगी लोस्तिस यांनी मंडळाकडे तक्रार केली, की ही पाटी नियमापेक्षा चार बोटं रुंद आहे, म्हणजे ती जाहिरात आहे. ज्या रस्त्यावरून सकाळी मासळीची गाडी जाते आणि उरलेला दिवस मादाम आबग्रालचं मांजर, त्या रस्त्यावर मी म्हणे जाहिरात करत होते.

मंडळाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दोन डॉक्टर भांडले की आधी त्यांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा. मला पाटी उचकटून सोबत आणायला सांगितलं होतं. टेबलाच्या मधोमध पाटी, एका बाजूला कॉफी, दुसऱ्या बाजूला लोण्याचा केक. अध्यक्ष डॉ. कादिऊ यांनी 'प्रिय व्यवसायबंधू, प्रिय व्यवसायभगिनी' अशी सुरुवात करून आपल्या पेशाच्या थोरवीवर इतका वेळ भाषण केलं, की लोस्तिसनं केकचा दुसरा तुकडा संपवला. मग पाटी मोजली. "एवढी दांडगी पाटी या जिल्ह्यात आजवर कुणी लावली नाही!" कादिऊ म्हणाले. मामा, तीच पाटी तुम्ही अध्यक्ष असताना तुमच्या दारावर होती, आणि हेच कादिऊ तरुणपणी तिच्याखालून आत येऊन मामींच्या हातचे घावन खाऊन जायचे. मी काही बोलले नाही. तुमचं नाव जपायचं म्हणून बोलले नाही, की ते सगळं एकदाचं संपावं म्हणून, याचा मी अजून विचार करते आहे. पहिलं कारण खरं असावं अशी इच्छा आहे.

लोस्तिसला विचारलं, मुळात तक्रार का केलीस? "पेशंट विचारतात ना मला! डॉक्टर, त्या बाईंची पाटी एवढी मोठी आणि तुमची एवढीशी का? काय सांगू मी?" बस. एवढंच. मी पाटी कापून घ्यायचं कबूल केलं, हात मिळवले, समेट झाला. आणि दारात पोचते तोच कादिऊंनी विचारलं, "पण तुम्ही पोर्झलानला बसता कधीपासून?" मी म्हटलं, तुम्हाला कळवलं होतं, तुम्ही गप्प राहिलात. "अहो, ऑगस्टमध्ये! ते गप्प राहणं संमतीचं नव्हतं, सुट्टीचं होतं." पुढच्या बैठकीपर्यंत मंडळाची हरकत लागली. आता माझ्याकडे अगदी नियमात बसणारी पाटी आहे, आणि ती ज्या दाराला लावायची ते दार उघडायची मला बंदी आहे.

परवा नाश्त्याच्या वेळी लोस्तिसचा फोन. "अगं नोल्वेन, तुझे म्हातारे माझ्या जिन्यात बसलेत! हवी तर छपराएवढी पाटी लाव, पण यांना घेऊन जा." मी म्हटलं, मग तक्रार मागे घे. "गेलो होतो घ्यायला. कादिऊ म्हणतो, समेट झाला म्हणजे तक्रार उरलीच नाही. जी नाहीच, ती मागे कशी घेणार?"

मादाम आबग्राल मात्र त्या जिन्यात नाहीत. कुणाच्या गाडीसाठी कुणापुढे तोंड वेंगाडणार नाही म्हणाल्या, आणि घरीच राहिल्या. मी घरी जाऊन पाहिलं तर जखम पुन्हा उघडली आहे. घरी जायला मंडळाची हरकत नाही, पण पोर्झलानच्या प्रत्येक घरी गेले तर प्लूमेवेनचे पेशंट ताटकळतात. मंडळ डॉक्टरांची प्रतिष्ठा राखतं असं मी कॉलेजात शिकले होते. कुणापासून राखतं ते आता कळलं. पेशंटपासून. असल्या मंडळावर कसली माणसं जाऊन बसतात, मला खरंच कळत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
नोल्वेन

ता. क. मी मंडळाच्या निवडणुकीला उभी राहते आहे. पुढची बैठक निवडणुकीनंतर आहे, आणि पोर्झलानचा निर्णय नवी माणसं घेणार आहेत.

आणखी एक. एकट्यानं उभं राहता येत नाही. एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी लागते, हे तुमच्या वेळी नव्हतं. जिल्ह्यातल्या बऱ्या पुरुषांच्या जोड्या आधीच ठरल्या आहेत. उरला होता एकच, लोस्तिस. तो लगेच तयार झाला. म्हणाला, "हे म्हातारे परत जाणार असतील तर लग्नसुद्धा करीन, फक्त बायकोला विचारतो." तेव्हा मामा, किनाऱ्यावरचे जुने डॉक्टर अजून तुमचं ऐकतात, त्यांना फोन कराल ना? वरचं पत्र कुणाला वाचून दाखवू नका. कादिऊंबद्दल विचारलं तर मी त्यांना फार मानते म्हणून सांगा; त्यांचंही मत आम्हाला हवं आहे.

आणि पाट्यांबाबत आमची भूमिका काय असं कुणी विचारलंच, तर सांगा, त्यावर आम्हा दोघांचं अजून जमलेलं नाही.

उद्याचं काम: प्रचाराच्या पत्रकासाठी लोस्तिसबरोबर फोटो काढून घेणं. दोघंही हसताना.