विमानाची डावी बाजू

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, वहिनींची पाठ आता सरळ झाली असेल, अशी आशा करतो. ‘सरळ’ हा शब्द लिहितानासुद्धा हल्ली मला धडकी भरते, पण त्याचं कारण पुढे येईल. इकडे सर्व क्षेम आहे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू आठवड्याच्या अंतराने निघाले, दोन्ही वेळा काही त्रास झाला नाही. सध्या ते काळा चष्मा लावून, पडदे ओढून आतल्या खोलीत असतात. धूळ नको, वारा नको, ऊन नको, असा डॉक्टरांचा हुकूम आहे आणि हुकूम पाळण्यात बाबांचा हात कोण धरणार? रविवारी चष्मा उतरला की त्यांना भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. सगळं घर आनंदात आहे. मी एकटाच रविवारपर्यंतचे दिवस मोजतो आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही चार मिनिटं भेटता, त्यातली दोन ‘आवाज येतोय का’ यातच जातात. शिवाय डोळे झाकल्यापासून बाबांचे कान इतके तिखट झालेत की मी बाहेर नुसती मान हलवली तरी आतून विचारणा होते, काय नाही म्हणताय म्हणून. तेव्हा पत्रच बरं. कुरियरने पाठवतो आहे, गुरुवारी मिळेल. उभ्याने वाचू नका.

बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातलं विमान तुमच्या लक्षात असेलच. (नसेल कसं, तुम्हीच केलेलं.) हातभर लांबीचं, पांढरं, पोटावरून निळा पट्टा, वर खिडक्यांची रांग आणि निळ्या शेपटीवर पांढरा पक्षी. बाबांनी हँगरमध्ये फोरमन म्हणून बावीस वर्षं ज्या जातीच्या विमानांचे नटबोल्ट तपासले, त्याच जातीचं. तुम्ही दहा वर्षांचे असताना बाबांनी आणि तुम्ही मिळून केलं, एवढं मला माहीत होतं. ऑपरेशनला निघताना बाबांनी दारातून सांगितलं, “विमान कोणी पुसू नका.” दादा, मी अकरा वर्षं या घराचा जावई आहे आणि त्यातली दोन वर्षं घरजावई. एवढ्या काळात बाबांनी एकदाही मला ‘बरं केलंत’ म्हटलेलं नाही. पहिल्या भेटीत त्यांनी माझी पत्रिका बघितली नाही, बुटांचे तळवे बघितले आणि डावा जास्त झिजतो, एवढंच बोलले. तेव्हा मला वाटलं, म्हातारा परत येईल तेव्हा विमान लख्ख दिसलं तर निदान हुंकार तरी देईल. घर रिकामं होतं. शाळेतून पांढऱ्या फळ्याचे डाग काढायचं स्पिरिट आणलेलं होतं. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती अशी बाटलीतून येते.

पहिल्या हातात धूळ गेली, दुसऱ्या हातात खिडक्या गेल्या. फडक्याकडे बघितलं तर सगळे प्रवासी फडक्यात. डाव्या बाजूचा निळा पट्टा नाकापासून शेपटीपर्यंत विरघळून माझ्या बोटांवर आला आणि शेपटीवरच्या पक्ष्याचा फक्त एक पंख उरला. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे एका बाजूने विमान उड्डाणाला तयार आणि दुसऱ्या बाजूने नुसतं पांढरं नळकांडं. तुमच्या बहिणीने संध्याकाळी ते बघितलं, शांतपणे कपाटाची काच लावली आणि म्हणाली की आता तुम्ही आणि तुमचं नशीब. (ती माहेरीच राहते, त्यामुळे माहेरी जाण्याची धमकी तिला देता येत नाही. एवढाच काय तो दिलासा.)

मग मी अभ्यासाला लागलो. अशा छोट्या विमानांवरची चित्रं डिकल म्हणून वेगळ्या कागदावर छापतात. कागदावर पातळ पापुद्रा असतो, चित्र त्या पापुद्र्यावर उमटतं, कागद पाण्यात बुडवला की पापुद्रा सुटतो आणि तो अलगद विमानावर सरकवायचा. वाचताना पाणी सोपं वाटतं. उजव्या बाजूवरून मापं घेऊन मी डावी बाजू कॉम्प्युटरवर काढली आणि कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे गेलो. त्याचं मशीन लेसरचं, तापवून छापणारं, आणि मी नेलेला कागद शाईच्या मशीनसाठीचा. कागद आत गेला तो बाहेरच आला नाही. पापुद्रा आत वितळून रोलरला घट्ट मिठी मारून बसला. छपाईवाल्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मशीन उघडायला मदत करता करता मी दोनदा दाराकडे बघून घेतलं.

बरोबर कागद मागवला, तो चार दिवसांनी आला. आता छापून आलं सगळं, फक्त पक्षी आला नाही. लेसरच्या मशीनमध्ये पांढरा रंगच नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पांढरं म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही. मी ते ‘काहीच नाही’ मोठ्या भक्तिभावाने निळ्या शेपटीवर चिकटवलं आणि पाच मिनिटं पक्षी उमटण्याची वाट बघितली. मग पांढऱ्या डिकलचा कागद आणला, भोवती शेपटीचा निळा छापला आणि पक्षी ब्लेडने काठाकाठाने कापला. खिडक्यांची तऱ्हा निराळी. पाण्यातून काढलेला पापुद्रा स्वतःभोवती गुंडाळी होऊन बसतो, आणि लेसरचा रंग वरच्यावर असल्यामुळे घडी पडली की त्याचे टवके उडतात. त्यात पंखा चालू होता. एक रांग हरवली ती सापडेना. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी फळ्यावर त्रिकोण काढत असताना मागे कुजबुज झाली. माझ्या कोपराला सत्तावीस खिडक्या होत्या, दाराच्या जागेसकट.

यातलं सगळ्यात भयंकर म्हणजे बाबांच्या डोळ्यांत थेंब घालण्याचं काम माझ्याकडे आहे. दिवसातून चार वेळा माझी बोटं त्यांच्या नाकापासून चार बोटांवर. वर्षानुवर्षं विमानं तपासलेला माणूस. डोळा फसतो, बोट फसत नाही, हे त्यांचं वाक्य तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. परवा थेंब घालताना त्यांनी माझं मनगट धरलं, बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “काय लागलंय हे?” मी म्हणालो, खडू. शाळेतले खडू गेले आणि पांढरे फळे आले म्हणून वर्षभर त्यांच्यासमोर रडगाणं मीच गायलो होतो, हे आठवेपर्यंत वेळ निघून गेली होती. ते फक्त हं म्हणाले. त्या ‘हं’मुळे मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून स्वयंपाकघरातून ताटली जरी वाजली तरी मी दचकतो.

तरीही दादा, काम झालं. वरून लाखेचा पातळ फवारा मारून रंग पक्का केला, पापुद्रा मऊ पडून अंगाला बसावा म्हणून व्हिनेगर लावलं, गुण्या आणि कर्कटक घेऊन पट्टा बसवला. मी भूमितीचा मास्तर आहे. नाकाशी अकरा मिलिमीटर, पंखाशी अकरा, शेपटीशी अकरा. एक केसाचा फरक नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण या घरात काहीतरी नीट केलं. मी आईंना हाक मारली. आईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “छान झालंय हो. पण हे आपलं विमान नाही.”

मग त्यांनी सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, मला नव्हतं. उजवी बाजू बाबांनी लावली होती आणि डावी तुम्ही एकट्याने. पंखाच्या मागे तुमचा पट्टा खाली घसरला, त्याच्यामागोमाग तीन खिडक्या घसरल्या. तुम्ही रडून घर डोक्यावर घेतलंत. बाबांनी ते काढलं नाही, त्यावरच वार्निश मारलं आणि म्हणाले की पास. आयुष्यात त्यांनी वाकडं काही पास केलं असेल तर एवढंच. रोज सकाळी चहा झाला की ते काच सरकवून त्या घसरलेल्या जागेवर बोट ठेवतात. दोन वर्षं मी ते रोज बघतोय आणि मला वाटायचं, ते धूळ तपासतात. म्हणून तर मी पुसलं.

त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली आहे. पट्टा काढला, पुन्हा छापला आणि वाकडा लावायला बसलो. तीन वेळा लावला. सरळ जायला रेषेला एकच वाट असते, वाकडं जायला अनंत. माझ्या हातून नीट वाकडंसुद्धा होत नाही. पहिल्यांदा वर्तुळाचा कंस झाला, दुसऱ्यांदा पंधरा अंशांचा कोन झाला, तिसऱ्यांदा आई म्हणाल्या की हे मुद्दाम केलेलं दिसतंय. दहा वर्षांच्या पोराचा हात मी कुठून आणू? रविवार चार दिवसांवर आला आहे आणि बाबा या वेळी डोळे आणि बोट दोन्ही घेऊन कपाटापाशी येणार आहेत.

असो. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला भेदरलेला,
मेहुणा

ता. क. : सोबत साध्या कागदावर छापलेली पट्टी जोडली आहे. पट्टा कुठे घसरला आणि किती, ते पेन्सिलीने काढून शनिवारच्या आत परत पाठवावं. चौथी खिडकी की पाचवी, एवढं आठवलं तरी पुरे. तुमच्या बहिणीला हे कळू देऊ नका. (तिला सगळं माहीत आहे. तिला माहीत आहे हे तुम्हाला कळू देऊ नये, असं तिनेच मला सांगितलं आहे.)

ता. क. २ : पाकीट बंद करण्यापूर्वी दुपारचे थेंब घालायला गेलो होतो. बाबा उताणे पडून होते. थेंब पडल्यावर डोळे मिटूनच म्हणाले, “जावईबापू, व्हिनेगरात निम्मं पाणी घालत जा. नुसतं लावलं तर खिडक्या सुरकुततात.” मी बाटलीचं टोपण शोधत जमिनीवर बसलो, ते बराच वेळ सापडलं नाही. वास त्यांना पहिल्याच दिवशी आला होता म्हणे. त्यांनीही तुमच्याबरोबर विमान करताना तेच वापरलं होतं.

ता. क. ३ : वरचं सगळं रद्द समजावं. पेन्सिल नको, पट्टी परत पाठवू नका. मी जमिनीवरून उठत होतो तेव्हा बाबांनी विचारलं, त्याला लिहिताय का. मी हो म्हणालो. तुम्ही नोकरी सोडल्याचं त्यांना सगळ्यात शेवटी सांगितलंत, त्याला चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत त्यांनी तुमचं नाव माझ्यासमोर काढलेलं नाही. आजही काढलं नाही. एवढंच म्हणाले, “डावी बाजू तुम्ही लावू नका, ती त्याची आहे, कोरी राहू दे.” मग म्हणाले, “मी असं म्हणालो हे लिहू नका.” तेव्हा हे मी लिहिलेलं नाही. तुम्ही आला नाहीत तर रविवारी नव्या डोळ्यांना पहिलं दिसेल ते एका बाजूने उघडं विमान आणि त्याच्याशेजारी उभा मी, आणि यातल्या कशाची मला जास्त भीती वाटते ते मला सांगता येत नाही. डावी बाजू पुन्हा पुसली आहे, या वेळी परवानगीने. पट्टा आणि खिडक्या कापून ताटलीत ठेवल्या आहेत, कोरड्या. पाणी तुम्ही आल्यावरच कोमट करू.